'देवानं शेतकरी घडवला': दोन मिनिटांची जाहिरात, तिची विडंबनं आणि मध्ये हरवलेला शेतकरी

पार्श्वभूमी

अमेरिकेत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या वार्षिक अंतिम सामन्याच्या, दिवशी घराघरांत माणसं सामन्याइतकीच जाहिरातींसाठी टीव्हीसमोर बसतात. ३ फेब्रुवारी २०१३ला न्यू ऑर्लिन्समध्ये झालेला सामना दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. त्या वर्षी अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीचा सरासरी दर चाळीस लाख डॉलरच्या घरात होता. सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात 'राम' या पिकअप ट्रकच्या ब्रँडनं सलग दोन मिनिटं घेतली आणि त्या दोन मिनिटांत एकही चित्र हललं नाही. एकामागून एक स्थिर छायाचित्रं येत होती आणि त्यांवर २००९ साली वारलेल्या एका रेडिओ निवेदकाचा खरखरीत आवाज चालू होता.

आवाज पॉल हार्वी यांचा. काही दशकं अमेरिकेच्या लहान गावांत, ट्रकमध्ये, गोठ्यात, जेवणाच्या टेबलावर ऐकला गेलेला. १९७८ साली कॅन्सस सिटीत एफएफए (फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका) या संघटनेच्या राष्ट्रीय अधिवेशनात त्यांनी केलेलं हे भाषण. निळ्या कॉर्डरॉयच्या जॅकेटमधली, शाळेत शेतीशिक्षण घेणारी पोरं हा श्रोतृवर्ग. बायबलमध्ये सृष्टी सहा दिवसांत होते आणि सातवा विश्रांतीचा. हार्वी आठव्या दिवसापासून सुरुवात करतात. देवानं आपल्या नंदनवनाकडे पाहिलं, राखणदार हवा म्हणाला आणि शेतकरी घडवला. मग एकेक गुण येत जातो: पहाटे उठून धारा काढणारा, दिवसभर रानात राबून पुन्हा धारा काढणारा आणि जेवण उरकून शाळा समितीच्या बैठकीला मध्यरात्रीपर्यंत बसणारा. रात्रभर जागवलेलं शिंगरू डोळ्यांदेखत गेलं तरी डोळे पुसून 'बघू पुढच्या वर्षी' म्हणणारा. प्रत्येक गुणानंतर तेच पालुपद. ऐकताना कीर्तनाची आठवण होते; रचनाही बरीचशी तीच आहे.

आता कंपनीची बाजू. 'राम' बनवणारी क्रायस्लर २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, सरकारी मदतीवर तगली आणि इटलीच्या फियाटच्या हाती आली. त्याच सुमारास 'राम'ला कंपनीच्याच 'डॉज'पासून वेगळं काढून स्वतंत्र ब्रँड केलं गेलं. पिकअपच्या बाजारात फोर्ड पहिली, शेवरोले दुसरी आणि राम तिसरी होती. जाहिरातींची सूत्रं ऑलिव्हिए फ्रान्स्वा या फ्रेंच गृहस्थांकडे होती आणि सुपर बोलला लांबलचक, गंभीर जाहिरात करायची असा त्यांचा शिरस्ता पडला होता. २०११ला डेट्रॉइट शहर आणि रॅपर एमिनेम. २०१२ला अभिनेता क्लिंट ईस्टवुड. ती जाहिरात म्हणजे सरकारी मदतीचा छुपा प्रचार आहे असा गहजब झाला. त्यामुळे २०१३ला ज्याच्याविरुद्ध कुणी ब्रही काढणार नाही असा विषय हवा होता.

अडचण

पिकअप घेणाऱ्यांत शेतकरी थोडेच. अमेरिकेच्या लोकसंख्येत शेतावर राहणारे दोन टक्क्यांच्याही आत. गाडी विकायची आहे ती गवंड्याला, ठेकेदाराला आणि उपनगरातल्या, आठवड्यातून एकदा सामान आणणाऱ्या माणसाला. त्याला आपण आतून कष्टकरी, मातीतले आहोत असं वाटायला हवं. जाहिरातीची अखेरची ओळ त्याच्यासाठीच आहे: आपल्या सगळ्यांमधल्या शेतकऱ्याला अर्पण.

पण हा शेतकरी दाखवायचा कसा? अमेरिकेकडे त्याचे दोन तयार साचे आहेत. तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या काळापासूनचा एक, जमीन कसणारा म्हणजे देवाचा लाडका आणि लोकशाहीचा कणा. दुसरा विनोदाचा: केसांत गवताची काडी, शहरात आल्यावर भांबावलेला अडाणी. दोन्ही साच्यांना हाडामासाचा शेतकरी लागतोच असं नाही. ग्रँट वूडचं १९३०चं 'अमेरिकन गॉथिक' हे जगप्रसिद्ध चित्र, दाताळं धरलेला म्हातारा आणि शेजारी ताठ चेहऱ्याची बाई, पाहून मध्य-पश्चिमेतल्या आयोवा राज्यातल्या शेतकरी बायका चिडल्या होत्या. चित्रकारासमोर उभा राहिलेला तो 'शेतकरी' प्रत्यक्षात त्यांचा दंतवैद्य होता आणि बाई त्यांची बहीण. विडंबनकारांनी तेव्हापासून आजवर त्या चित्राला उसंत दिलेली नाही. त्यातलं सर्वांत बोचरं म्हणजे गॉर्डन पार्क्स यांनी १९४२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये काढलेला फोटो: अमेरिकेच्या झेंड्यासमोर झाडू आणि पोतेऱ्याची काठी घेऊन उभी असलेली कृष्णवर्णीय सफाई कामगार.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण या प्रकरणाची गाठ मला तिथे दिसते. हार्वींनी हे भाषण केलं ते १९७८ साल शेतकऱ्यांच्या संतापाचं होतं. पिकाला उत्पादनखर्चाशी मेळ खाणारा भाव द्या या मागणीसाठी १९७७च्या डिसेंबरात संप पुकारला गेला, जानेवारी १९७८ मध्ये ट्रॅक्टर वॉशिंग्टनमध्ये शिरले आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये त्याहून मोठा जथा आला. पोलिसांनी ट्रॅक्टर संसदेसमोरच्या मैदानात कोंडून घातले. मग प्रचंड हिमवादळ झालं आणि त्याच ट्रॅक्टरांनी राजधानीचे रस्ते मोकळे केले. हार्वींच्या भाषणात यातलं काही नाही. त्यांचा शेतकरी भाव मागत नाही, कर्जाबद्दल बोलत नाही, कुणावर रागावत नाही. तो सोसतो आणि पुढच्या वर्षाची वाट पाहतो. आपल्याकडे निवडणुकीच्या फलकावर बळीराजा म्हणून हसरा झळकणारा माणूस आणि बाजार समितीच्या दारात कांदा ओतणारा माणूस, यांच्यात असतं तेवढंच हे अंतर.

समोरचे पर्याय

अशा कामात जाहिरातवाल्यांपुढे सहसा तीन वाटा असतात.

नट घ्यायचा, नवी संहिता लिहायची, पाऊस-धूळ-सूर्यास्त चित्रित करायचे. ट्रकच्या जाहिराती वर्षानुवर्षं हेच करत आल्या आहेत, त्यामुळे सामन्याच्या गोंगाटात ती ओळखूही आली नसती.

खऱ्या शेतकऱ्यांना बोलतं करायचं. ही वाट जोखमीची. माणूस बोलायला लागला की दुष्काळाबद्दल बोलतो, आणि २०१२ला मध्य-पश्चिमेत अनेक दशकांतला भीषण दुष्काळ पडला होता. तो शेती कायद्याबद्दलही बोलतो, जो तेव्हा संसदेत अडकला होता आणि जेमतेम मुदतवाढीवर चालला होता. मजूर मिळत नाहीत म्हणतो, आणि मग स्थलांतराचा विषय आलाच.

तिसरी वाट म्हणजे जुना, सर्वांच्या ओळखीचा, मेलेल्या माणसाचा आवाज. त्याला प्रतिप्रश्न विचारता येत नाही आणि त्याच्या तोंडून नवं काही निघायची भीती नाही. शिवाय ही चाचपणी आधीच कुणीतरी केलेली होती: शेतीविषयक एका संकेतस्थळानं २०११ मध्ये याच भाषणावर छायाचित्रं लावून व्हिडिओ केला होता आणि तो ग्रामीण भागात पुष्कळ फिरला होता. कंपनीनं त्यांना सोबत घेतलं.

हार्वींचा आवाज जाहिरातीला लावला म्हणून काहींनी नाकं मुरडली, ते मला पटत नाही. बातम्यांच्या मध्येच स्वतःच्या आवाजात जाहिराती वाचणं ही त्यांची खासियत होती. बातमी कुठे संपली आणि माल कुठे सुरू झाला हे ऐकणाऱ्याला कळेपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असायचं. हयात असते तर पैसे घेऊन त्यांनीच ही जाहिरात वाचली असती.

काय केलं

काम डॅलसच्या रिचर्ड्स ग्रुपनं केलं. दहा छायाचित्रकार निवडले, त्यांत नॅशनल जिऑग्राफिकचे विल्यम अ‍ॅल्बर्ट अ‍ॅलार्ड आणि कर्ट मार्कस. त्यांना शेतांवर पाठवलं. बर्फाळ रानात एकटी गाय, चर्च, सुरकुतलेला चेहरा, भेगाळलेले हात. ट्रक दिसतात, पण मधूनमधून, कोपऱ्यात, जणू योगायोगानं तिथे उभे असावेत असे. भाषणातली वाक्यं गाळली ती लांबीसाठी. सूर तोच ठेवला.

स्थिर चित्रांचा निर्णय सर्वांत धाडसाचा आणि, माझ्या मते, सर्वांत हुशारीचा. तीन तास आरडाओरडा, फटाके, धावपळ आणि मग अचानक सगळं थांबतं. माणसं स्वयंपाकघरातून बाहेर येऊन टीव्हीकडे पाहू लागतात. पण स्थिर चित्रातल्या माणसाचे ओठ हलत नाहीत. दोन मिनिटांत ज्याचं इतकं गुणगान झालं तो शेतकरी एक शब्दही बोलत नाही.

सोबत २०१३ हे 'शेतकऱ्याचं वर्ष' असल्याची घोषणा झाली. लोकांनी व्हिडिओ पाहावा, पुढे पाठवावा, त्या हिशेबानं एफएफएला कमाल दहा लाख डॉलर दिले जातील असं जाहीर झालं. मर्यादा काही दिवसांतच गाठली गेली. सरासरी दरानं गुणाकार केला तर त्या दोन मिनिटांची किंमत एक कोटी साठ लाख डॉलर होते. देणगी तिच्या सोळाव्या हिश्श्याची.

निकाल

प्रेक्षकांच्या पसंतीच्या 'यूएसए टुडे'च्या यादीत जाहिरात तिसरी आली; पहिला नंबर बडवायझर बिअरच्या जाहिरातीतल्या घोड्याचा. राम पिकअपची अमेरिकेतली विक्री २०१२ मधल्या सुमारे २.९३ लाखांवरून २०१३ मध्ये ३.५५ लाखांवर गेली. हे श्रेय जाहिरातीच्या पदरात टाकायला मी तयार नाही. त्या वर्षी गाडीचं सुधारित मॉडेल आलं होतं, त्याला पुरस्कार मिळाले होते आणि घरबांधणीचा धंदा सावरत असल्यानं सगळ्याच कंपन्यांचे पिकअप खपत होते. पण 'राम' हे नाव त्या दोन मिनिटांनी डोक्यात बसलं हे खरं.

शेतकऱ्यांत स्वागत झालं, आणि ते खोटं नव्हतं. टीव्हीवर एरवी हसण्यावारी नेली जाणारी माणसं. इतक्या मोठ्या सामन्यात दोन मिनिटं कुणीतरी त्यांच्याबद्दल आदरानं बोललं.

टीका दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. 'द अटलांटिक' या मासिकात अ‍ॅलेक्सिस मॅड्रिगल यांनी चित्रांतले चेहरे तपासले आणि ते जवळपास सगळे गोरे असल्याकडे बोट दाखवलं. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या पीकशेतीवरच्या मजुरांत बहुसंख्य मेक्सिकोत जन्मलेले, आणि तेव्हा निम्म्याच्या आसपास लोकांकडे देशात राहण्याची कागदपत्रं नव्हती. कृष्णवर्णीय शेतकरी १९२०च्या गणनेत सव्वानऊ लाख होते. २०१२ मध्ये मुख्य कसणाऱ्यांत त्यांचं प्रमाण दोन टक्क्यांच्या खाली होतं. मधल्या गळतीत कृषी खात्यानं त्यांची कर्जं अडवल्याचा वाटा होता आणि त्यावरच्या पिगफर्ड खटल्यात १९९९ मध्ये सरकारला तडजोड करावी लागली. चित्रांत काही बायका असल्या तरी भाषणातला शेतकरी शेवटपर्यंत 'तो'च राहतो; प्रत्यक्षात २०१२च्या कृषिगणनेत सुमारे चौदा टक्के शेतांच्या मुख्य कर्त्या बायका होत्या. त्याच गणनेत सरासरी वय ५८.३ आलं. वर्षाला दहा लाख डॉलरहून जास्त माल विकणारी चार टक्के शेतं एकूण विक्रीचा सुमारे दोन तृतीयांश वाटा उचलत होती. म्हणजे शिंगरासाठी जागणारा म्हातारा आहे, पण देशाचं धान्य आणि मांस मुख्यतः त्याच्याकडून येत नाही.

गंमत अशी की २०१३ हे अमेरिकी शेतीच्या निव्वळ उत्पन्नाचं त्या वेळपर्यंतचं विक्रमी वर्ष ठरलं. पुढच्या तीन वर्षांत ते निम्म्यावर आलं, आणि 'शेतकऱ्याचं वर्ष' पुन्हा कुणी साजरं केलं नाही.

विडंबनं

विडंबनं काही दिवसांत आली. लॅटिनो कार्यकर्त्यांनी हार्वींचा आवाज तसाच ठेवून खाली मजुरांची छायाचित्रं लावली. यात एक शब्दही बदललेला नाही आणि तरी भाषणाचा अर्थ फिरतो. दिवसभर वाकून काम करणारा, पुन्हा उठून कामाला लागणारा माणूस म्हटल्यावर डोळ्यांसमोर कोण यायला हवं, हा प्रश्न ते न विचारताच विचारतात. मला हे सगळ्यांत उजवं वाटतं.

'फनी ऑर डाय' या विनोदी व्हिडिओंच्या संकेतस्थळानं उलटी बाजू घेतली: देवानं कारखानदार शेतकरी घडवला. तोच संथ स्वर, तेच पालुपद, पण गुणांच्या जागी कोंडलेली जनावरं, रसायनं आणि बडं भांडवल. विनोद जमला आहे. अडचण एवढीच की संताच्या जागी खलनायक आला आणि प्रत्यक्ष कोंबड्या पाळणारा माणूस दोन्हीकडे सापडत नाही. अमेरिकेत मांसासाठी कोंबड्या वाढवणारे बहुतेक जण कंपनीशी करार करतात: पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, शेड आणि शेडचं कर्ज यांचं. तो माणूस त्या शेडचा मालकही आहे आणि कंपनीच्या तोंडाकडे पाहणारा गडीही. असा मनुष्य ना स्तुतीच्या कामाचा ना टवाळीच्या.

त्याच सुमारास चिपोटले या खाद्यसाखळीनं विडंबनालाच जाहिरात केलं. २०१३च्या सप्टेंबरात बुजगावण्याची अ‍ॅनिमेशनपट्टी आणि २०१४च्या सुरुवातीला बड्या शेतीउद्योगावर कोरडे ओढणारी चार भागांची विनोदी मालिका. शेतकरी संघटना भडकल्या. आमची नाचक्की करून बरिटो विकता का, असा त्यांचा सवाल. तो रास्तच होता.

या साच्याचा पुढचा प्रवास राजकारणात झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांच्या प्रचाराची जाहिरात आली: आठवा दिवस, तेच नंदनवन, आणि देवानं लढवय्या घडवला. जानेवारी २०२४ मध्ये, आयोवातल्या पक्षांतर्गत मतदानाच्या तोंडावर, डोनाल्ड ट्रम्प यांनी समर्थकांनी बनवलेला व्हिडिओ प्रसृत केला. त्यात देवानं ट्रम्प दिले. हार्वींचा शेतकरी जेवण उरकून शाळा समितीच्या बैठकीला जातो आणि मध्यरात्रीपर्यंत बसतो; इथला नायक जेवून राष्ट्रप्रमुखांच्या बैठकीला जातो आणि मध्यरात्रीपर्यंतच बसतो. आयोवातल्या काही पाद्र्यांना हे रुचलं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. वाक्यं इतक्या सहज दुसऱ्याला बसली, याचा अर्थ त्यांत शेतीचं असं फार थोडं होतं.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळं काय करता आलं असतं

आवाजाची निवड मी बदलली नसती. स्थिर चित्रंही नाही. चुकलं ते छायाचित्रकारांना कुठे पाठवायचं हे ठरवताना. कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात कोबी-लेट्यूसच्या रांगा, युबा सिटीत शंभरेक वर्षं रुजलेल्या पंजाबी शेतकऱ्यांच्या पीचच्या बागा, मिसिसिपीच्या खोऱ्यातली कृष्णवर्णीयांची शेतं. या तीन ठिकाणची फक्त पाच-सहा छायाचित्रं घेतली असती तरी भाषण कुठेही अडखळलं नसतं. लॅटिनो विडंबनानं ते सिद्धच केलं.

कंपनीनं २०१३ मधून धडा काय घेतला हे २०१८ला दिसलं. त्या वर्षीच्या सुपर बोलला राम पुन्हा दिवंगत वक्त्याकडे गेली, यावेळी मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडे. ४ फेब्रुवारी १९६८चं प्रवचन, बरोबर पन्नास वर्षांनी, ट्रकच्या दृश्यांवर. वारसांच्या हक्कव्यवस्थापनाकडून रीतसर परवानगी होती. पण त्याच प्रवचनात किंग जाहिरातवाल्यांवर तुटून पडतात आणि ऐपत नसताना कॅडिलॅक आणि क्रायस्लर घेऊन मिरवणाऱ्यांना टोमणा मारतात. चक्क क्रायस्लर. विडंबनकारांना संहिता लिहायचीही गरज पडली नाही. त्यांनी प्रवचनाचा गाळलेला भाग उचलून जाहिरातीच्या दृश्यांवर बसवला. हार्वींच्या भाषणात असा गाळलेला काटा नव्हता, म्हणून २०१३ला निभावलं. कंपनीला वाटलं युक्ती जुन्या आवाजात आहे.

राहिला शेतकऱ्याच्या आवाजाचा प्रश्न. शेवटची पंधरा सेकंदं त्याला द्यायची, हा माझा पर्याय असता. आता बैठकीची कल्पना करा. आयोवातल्या मका-सोयाबीनवाल्याला बोलावलं तर इथेनॉल आणि पीकविमा निघतो. कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलमध्ये स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या बाईला बोलावलं तर कागदपत्रं निघतात. अलाबामातल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याला बोलावलं तर नाकारलेलं कर्ज, अर्कान्सातल्या कोंबडीवाल्याला बोलावलं तर कंपनीचा करार. प्रत्येकाच्या पंधरा सेकंदांत कुणाचं ना कुणाचं नाव येतं, आणि त्यातले काही जण त्याच सामन्यात जाहिरात देणारेही असतात. हार्वींच्या टेपमध्ये कुणाचंच नाव नव्हतं, आणि टेप तयार होती.